जवभर जागा

हातातलं काम पुरं होईपर्यंत मी ते कुणाला दाखवत नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि ज्याने काम दिलं त्याला तर मुळीच नाही. ही खोड माझ्या वडिलांची. कोल्हापुरात गुजरीच्या सराफी पेठेतल्या एका बोळात अण्णांचं दुकान होतं आणि ते देवाचे टाक करायचे. कोरलेल्या ठशावर चांदीचा पत्रा ठोकून उठवलेला, तळहातावर मावणारा देव, देवघरात पुजायचा. काम चालू असताना अण्णा पुढ्यात फडकं धरून बसत आणि गिऱ्हाईक आलं की ते कामावर ओढून घेत. "अर्धा देव कुणाला दाखवू नये," म्हणत. मला भाऊ नव्हता. त्यामुळे शाळा सुटली की फडक्याच्या आतल्या बाजूला मी बसायचे, आणि पंधराव्या वर्षी खंडोबाचा अख्खा ठसा मी एकटीने कोरला होता.

पुढे बी.एस्सी. झाले, डॉक्टरशी लग्न केलं, न्यूझीलंडला आले, आणि कोवाई क्रीक नावाच्या गावात पाच वर्षं 'डॉक्टरची बायको' होऊन राहिले. गावाला माझं आशालता हे नाव माहीत होतं, पण ते पत्रावर लिहिण्यापुरतं. लोक प्रेमळ होते, मला काहीच कमी नव्हतं, आणि तरी त्या 'डॉक्टरची बायको'चा मला मनापासून राग यायचा.

गाव ख्राइस्टचर्चपासून पाऊण तासावर. चहूकडे कुरणं आणि मेंढ्या, मधे एक हॉल, एक डेअरी, म्हणजे दुधापासून बुटाच्या नाडीपर्यंत सगळं मिळणारं कोपऱ्यावरचं दुकान, आणि दर फेब्रुवारीत रोडिओ. रोडिओ म्हणजे उधळलेल्या घोड्यावर आठ सेकंद टिकून दाखवायचं. एक हात दोरीला आणि दुसरा हवेत. हवेतला हात घोड्याला लागला की स्वार बाद. जगदीश, माझा नवरा, तिथला डॉक्टर. तो प्रथमोपचाराच्या तंबूत निखळलेले खांदे बसवायचा आणि मी शेजारी थर्मास घेऊन बसायचे. स्वारांकडे बघायला सगळं गाव होतं, मी घोडे बघायचे.

१९९७ साली रोडिओला पंचवीस वर्षं होणार होती. कमिटीने ठरवलं की आठवण म्हणून चांदीचं नाणं काढायचं, तीनशे नग. कुणा चित्रकाराकडून चित्र मागवलं आणि कमिटीची सेक्रेटरी बेव्ह, जिची ती डेअरी, तिने ते गल्ल्यामागे चिकटवलं. मी दूध आणायला गेले होते.

"हा घोडा उडी मारत नाहीये," मी म्हटलं. "हा बसायला जागा शोधतोय."

"मग तूच काढून दाखव ना," बेव्ह म्हणाली.

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पण मी तिच्या कानावरची पेन्सिल घेतली आणि ब्रेडच्या कागदी पिशवीवर घोडा काढला. मागचे पाय आभाळात, पुढचे मुडपून वर, मान खाली, वर स्वार आणि त्याचा एक हात हवेत. ती पिशवी पुढच्या मीटिंगला गेली आणि पास झाली. मग माझी जीभ आणखी सैल सुटली. मी म्हटलं, ठसाही मीच कोरीन.

कमिटीचा अध्यक्ष रॉस गथ्री नावाचा साठीतला मेंढपाळ शेतकरी होता. उंच, हाडापेराने मजबूत आणि बोलायला अगदी मोजका. त्याने विचारलं, "घोडे कोरलेत तुम्ही याआधी?"

"शे-दोनशे," मी म्हटलं. ते खरंच होतं.

नाणी पाडायची होती ख्राइस्टचर्चला, मिसेस डॉब्सनच्या छोट्या टांकसाळीत. शाळांची पदकं, क्लबांचे बिल्ले असली कामं तिथे व्हायची. तिचा कोरणारा म्हातारा नुकताच निवृत्त झाला होता. खिडकीखालचं त्याचं टेबल रिकामं होतं, त्यावर त्याच्या कोपरांनी पडलेले दोन खळगेसुद्धा तसेच होते. मिसेस डॉब्सनने माझे हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाली, "हे नाणं नीट पार पडलं तर रोडिओनंतरच्या सोमवारी ये. टेबल तुझं." या देशात आल्यापासून मला इतकं हवंसं काहीच वाटलं नव्हतं. परतताना गाडीत मी चक्क गात होते.

तीन आठवडे गॅरेजमध्ये बसून मी पोलादात घोडा कोरला. ठशात सगळं उलटं असतं. डावं ते उजवं, आणि नाण्यावर जे वर उठायचं ते ठशात खोल खणायचं. पुढ्यात फडकं होतंच. जगदीश दारातून डोकवायचा. "देव उठला का?"

"उठला की सांगेन. जा, तुझे पेशंट बघ."

पुरा झालेला ठसा फडक्यात बांधून मी स्वतः मिसेस डॉब्सनला नेऊन दिला. कमिटीने बघायला मागितला होता. मी म्हटलं, नाणंच बघा.

रोडिओच्या आठ दिवस आधी नाण्यांची पेटी आमच्या जेवणाच्या टेबलावर आली. पहिलं नाणं आमच्या दहा वर्षांच्या मुग्धाने उचललं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

"आई, इट्स रिअली ब्यूटिफुल," ती म्हणाली. मग नाणं डोळ्यांजवळ नेलं. "बट व्हाय इज देअर अ डॉग?"

मी नाणं हातात घेतलं. घोड्याच्या उचललेल्या पुढच्या पायांखाली एक कुत्रं होतं. छोटंसं, शेपटी वळलेली, मान वर करून घोड्याकडे बघणारं. अगदी छान उठलं होतं, मिशासुद्धा दिसत होत्या.

पिशवीवरच्या चित्रात कुत्रं नव्हतं, मी ते कोरायचं ठरवलंही नव्हतं. पण जन्मात मी जे जे घोडे कोरले ते सगळे खंडोबाचे. वर स्वार, त्याचा एक हात तलवार घेऊन हवेत, आणि खाली त्याचं कुत्रं. हात हवेत गेलेला स्वार कोरून झाला आणि पुढचं बोटांनी आपल्या मनाने उरकलं. रोज बाजाराला जाणारा बैल जसा न हाकता वळणावर वळतो तसे माझे हात वळले होते. एकाही माणसाने आधी ठसा बघितला असता तर चूक तिथेच सापडली असती, पण मी बघू कुठे दिला होता कुणाला?

जगदीश इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्याचं लक्ष माझ्या तोंडाकडे गेलं आणि तो मुकाट्याने चहा टाकायला उठला.

मी मिसेस डॉब्सनला फोन केला. ती म्हणाली, "मला वाटलं कमिटीनेच सांगितलंय. शेतकरी माणसं, कुत्रं असायचंच." मग म्हणाली, "आशा, काम सुरेख आहे. पण जिचं पहिलंच काम गिऱ्हाइकाने वितळवायला परत पाठवलं, तिला मी त्या टेबलावर बसवू शकत नाही. तुझं तू निस्तर." तिचं बोलणं रास्त होतं.

रविवारी कोल्हापूरला फोन लावला. अण्णा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते, पण आवाज खणखणीत.

"अण्णा, कुत्रं पडलं," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "टापेत आणि कुत्र्यात जागा ठेवलीस?"

"ठेवली."

"किती?"

"जवभर."

"मग चुकलीस कुठं?" अण्णांच्या लेखी विषय तिथे संपला होता. त्यांचा नियमच होता, देवाच्या घोड्याची टाप देवाच्या कुत्र्याला लागायची नाही, मधे जवाच्या दाण्याएवढी मोकळी जागा पाहिजे. मी म्हटलं, "पण इथल्या लोकांना ते नकोय." ते म्हणाले, "पोलादात खणलेलं बुजत नसतं. जा आणि तोंडावर सांग."

मंगळवारी संध्याकाळी हॉलमध्ये मीटिंग भरली. रॉसच्या हातात नाणं होतं, पण तो त्याच्याकडे बघत नव्हता.

"आपल्या गेटवर पाटी आहे, कुत्री आत आणू नयेत," तो म्हणाला. "गेल्या वर्षी प्राण्यांचे कैवारी फलक घेऊन गेटवर उभे होते. आणि आता आपणच घोड्याखाली जाणारं कुत्रं चांदीत पाडून वाटायचं? वितळवा सगळी."

एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी मनात म्हटलं, किती हा हट्ट.

बेव्हला माझी दया आली. "हे आपल्या मेंढ्यांच्या कुत्र्यांसाठी आहे ना, आशा? त्यांचा मान म्हणून?" तिने मला दार उघडून दिलं होतं, मी फक्त मान हलवायची होती. पण ताकाला जाऊन भांडं लपवणं मला कधी जमलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "ही चूक आहे आणि ती माझी आहे." आणि उभ्या उभ्या त्यांना अण्णा, खंडोबा, फडकं, सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. "आता माझं ऐका. शनिवारी मी हत्यारं घेऊन प्रथमोपचाराच्या तंबूशेजारी बसते. ज्याला कुत्रं नको असेल त्याच्या नाण्यावरचं मी त्याच्या डोळ्यांदेखत कापून काढीन आणि तिथे गवत कोरून देईन. पन्नासापेक्षा जास्त लोकांनी काढायला लावलं, तर उरलेली सगळी वितळवा. मी टांकसाळीच्या पायरीवरसुद्धा पुन्हा चढणार नाही."

रॉस उठून उभा राहिला. मग "फेअर इनफ" म्हणाला, नाणं शर्टाच्या खिशात टाकलं आणि निघून गेला.

शनिवारी ऊन लख्ख होतं. गेटबाहेरच्या कुरणात शेतकऱ्यांच्या यूट गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या मागच्या उघड्या हौद्यात एक-दोन कुत्री बांधलेली. आत लाउडस्पीकर, बाहेर त्यांचं भुंकणं. मी टेबल मांडलं, भिंग ठेवलं, नाणं धरायचा लाकडी चाप ठेवला आणि अण्णांनी दिलेली कोरायची कलमं ओळीने लावली. खरं सांगायचं तर मला भीती वाटत नव्हती. चूक झाली होती, पण ते कुत्रं मी चांगलं केलं होतं आणि हे मला ठाऊक होतं.

पहिल्या आल्या लाल स्वेटरच्या एक आजी. "काढून टाक. माझ्याकडे मांजरं आहेत." मी काढलं आणि त्या जागी गवताचा झुबका कोरून दिला. बेव्हने पुठ्ठ्यावर एक रेघ ओढली.

दुसरा आला अर्ध्या चड्डीतला, पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला घातलेला एक दांडगा माणूस. टेबलावर नाणं ठेवून तो जरा घुटमळला. "हे काढू नकोस. फक्त याचा डावा कान जरा पाडता येईल का? माझ्या फ्लोचा तसा आहे."

मी त्याच्याकडे बघितलं, मग कानाकडे. उठलेली चांदी कापता येते. "किती पाडू?" मी विचारलं. त्याने स्वतःच्या कानावर हात ठेवून दाखवलं.

तिथून पुढे मला मान वर करायला फुरसत झाली नाही. तासाभरात रांग तंबूला वळसा घालून गेली. कुणाच्या कुत्र्याचा एक पाय पांढरा, कुणाचं एका डोळ्याने आंधळं, कुणाचं हडकुळं. लोक मधेच यूटकडे पळत जाऊन नक्की कुठला पाय ते बघून येत होते. एकाने तर आपलं कुत्रं उचलून कुंपणाबाहेर धरलं आणि तिथूनच ओरडून विचारलं, दिसतंय का. पाटीचा नियम त्याने मोडला नव्हता. आपल्याकडे म्हण आहे, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. त्या दिवशी मी एकवीस शेपट्या सरळ केल्या. वरचा आकडा छाटला की झालं.

जगदीश दोन फ्रॅक्चरांच्या मधे बाहेर आला आणि रांग बघून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बायकोची प्रॅक्टिस जोरात चाललेय. मला तुझ्याकडे कंपाउंडर म्हणून घेतेस का?"

"हात स्वच्छ धुऊन ये," मी म्हटलं.

दुपारी केव्हातरी माझ्या मागे मिसेस डॉब्सन येऊन उभी होती. हातात आइस्क्रीमचा कोन, नजर माझ्या बोटांवर. कोन तिने सावकाश संपवला. मग म्हणाली, "तुला काय वाटतं ते नको सांगू. आकडा सांग."

बेव्हने पुठ्ठा उचलून दाखवला. कुत्रं काढायला लावणारे, सात.

"सोमवारी साडेआठला," मिसेस डॉब्सन म्हणाली. "हत्यारं तुझी तू आण." ती गेली तेव्हा माझे डोळे भरून आले होते आणि चापातलं नाणं मला दोन-दोन दिसत होतं. आनंद झाला होता, दुसरं काही नाही. पुढच्या माणसाला मी पाच मिनिटं थांबायला सांगितलं आणि नाक शिंकरून आले.

चार वाजता रांग सरली. मी कलमं पुसत होते तेवढ्यात समोरच्या खुर्चीवर रॉस येऊन बसला. त्याने खिशातून नाणं काढून टेबलावर ठेवलं. मंगळवारपासून ते त्या खिशातच असावं, कारण बोटं फिरून फिरून त्याची चमक मंदावली होती.

मी जिंकले होते. तरी ते नाणं बघून माझं मन खट्टू झालं. "काढायचं ना?" मी कलम उचलत विचारलं.

"नाही," रॉस म्हणाला. "माझ्याकडे मेग नावाची कुत्री होती. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. घरीच एक तरणा घोडा शिकवत होतो आणि त्याने मला पाडलं. मेग कुंपणाबाहेर बसलेली असायची, तिला आत यायची बंदी होती. मला पडलेलं बघितलं आणि ती मला सोडवायला आत आली, थेट टापांखाली." त्याने नाण्यावर नख टेकवलं, घोड्याच्या टापेवर. "अशीच वर बघत होती."

त्याच्या यूटमध्ये कधी कुत्रं नसतं हे मी पाच वर्षं बघत होते. एवढ्या मेंढ्या आणि कुत्रं नाही, असं का, हे विचारावंसं मला एकदाही वाटलं नव्हतं. गेले चार दिवस मी त्याला हट्टी म्हणत होते. मला माझीच लाज वाटली आणि मी त्याला तसं सांगितलं. त्याने मान हलवली.

मी नाणं चापात बसवलं आणि भिंग त्याच्या हातात दिलं. "टापेच्या खाली बघा."

तो वाकला. "इथे फट आहे."

"फट नाही, जागा आहे. जवाच्या दाण्याएवढी. माझे वडील कायम ठेवतात. टाप कुत्र्याला लागत नाही, कधीच नाही."

तो भिंगातून बघत राहिला. मैदानावर लोक अडसर काढत होते, त्याचा आवाज येत होता. "ही वाढवता येईल?" त्याने विचारलं.

कुत्रं हलवता येत नव्हतं. पण टाप वर उठलेली चांदी होती आणि ती खालून कापता येत होती. मी सगळ्यात बारीक कलम घेतलं आणि टापेची केसाएवढी कड काढली. सवयीने माझा डावा हात फडकं शोधू लागला. मग मी तो टेबलावर ठेवला आणि नाणं त्याच्याकडे वळवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी अर्धं काम कुणाला तरी दाखवत होते.

त्याने बघितलं. "आणखी."

मी आणखी काढलं आणि पुन्हा दाखवलं. "आणखी थोडं," तो म्हणाला. तिसऱ्यांदा दाखवलं, चौथ्यांदा दाखवलं. टाप जवळजवळ संपत आली होती. आता घोडा कुठल्याही पारख्याला लंगडा वाटला असता, अण्णांनी तर माझा कान पिळला असता. तरी मी कापत राहिले आणि दाखवत राहिले.

पाचव्या वेळी रॉसने भिंग खाली ठेवलं.

"पुरे," तो म्हणाला. "एवढ्या जागेतून ती निघाली असती."

त्याने नाणं खिशात टाकलं, खिशाचं बटण लावलं आणि मला टेबल उचलून गाडीत ठेवायला मदत केली.